मिडलसेक्स परगण्यात पाहुण्याने काय पाहावे?



या व्यासपीठावरून इतिहास सांगणारे बहुधा प्राध्यापक असतात. मी युनियनचा माणूस. शाळा सातवीला सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, एक वाटाघाट संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या वेळात. तेव्हा माझ्या बोलण्यात शास्त्रीय शिस्त सापडली नाही तर तो माझ्या गुरूंचा दोष समजू नये. मला गुरूच नव्हते.

माझी भाची अमेरिकेत बोस्टन शहराजवळ वॉल्थम नावाच्या गावी नोकरीला आहे. तिच्या आग्रहावरून मी एका एप्रिल महिन्यात तिच्याकडे पंधरा दिवस राहून आलो. पहिल्याच सकाळी तिने एक यादी माझ्या हाती दिली. "मामा, इथे आलेले पाहुणे हे सगळे बघतात. तुम्हाला काय काय बघायचं त्यावर खूण करा." त्या यादीचीच हकिगत आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

बोस्टनच्या उत्तरेस आणि पश्चिमेस पसरलेला हा मुलूख मिडलसेक्स कौंटी म्हणून ओळखला जातो. कौंटी म्हणजे आपल्या जुन्या भाषेत परगणा. हा परगणा १६४३ साली स्थापन झाला. त्यात ५४ गावे आणि शहरे आहेत आणि २०२० च्या खानेसुमारीत त्याची वस्ती १६ लाख ३२ हजार भरली. गंमत अशी की परगण्याचा स्वतःचा कारभार १९९७ सालीच मोडीत निघाला; आता तो नकाशापुरता आणि न्यायकचेऱ्यांपुरता उरला आहे. बरीचशी वस्ती आज उपनगरी आहे. म्हणजे झाडी, टुमदार घरे आणि सकाळी बोस्टनकडे जाणाऱ्या गाड्या. हार्वर्ड विद्यापीठ याच परगण्यात केंब्रिज येथे आहे. त्याला मी बाहेरूनच नमस्कार केला.

यादीत पहिले नाव लेक्झिंग्टनचे होते आणि ते योग्यच होते. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे इंग्रजांचे सुमारे सातशे शिपाई बोस्टनहून निघून कॉन्कर्ड येथील दारूगोळा जप्त करायला चालले होते. लेक्झिंग्टनच्या हिरवळीवर कॅप्टन जॉन पार्करच्या हाताखाली सत्त्याहत्तरच्या आसपास गावकरी उभे राहिले. पहिली गोळी कोणी झाडली याचा निकाल आजतागायत लागलेला नाही. आठ गावकरी जागच्या जागी मेले. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी तिकडे सुट्टी असते आणि त्या पहाटे हिरवळीवर ही लढाई वेष घालून पुन्हा केली जाते. तीनचार वर्षांची मुले बापाच्या खांद्यावर बसून ती पाहतात. आपल्याकडे गडावर जी गर्दी होते तिची मला आठवण झाली. फरक एवढाच की इथे लोक अंधारात उठून येतात आणि गलका करीत नाहीत.

ज्या बकमन टॅव्हर्नमध्ये ते गावकरी रात्रभर वाट पाहत बसले होते ते आजही उभे आहे. त्याच्यासमोर प्रिन्स एस्टाब्रुक या माणसाच्या नावाचा दगड आहे. तो दुसऱ्याच्या मालकीचा गुलाम होता, स्वातंत्र्यासाठी त्या रांगेत उभा राहिला आणि जखमी झाला. पाहुण्याने हिरवळीवर तासभर काढला तर त्यातली पाच मिनिटे या दगडाला द्यावीत, असे माझे सांगणे आहे. ज्याच्याजवळ गमवायला स्वतःचे स्वातंत्र्यही नव्हते तो माणूस कोणत्या हिशेबाने रांगेत उभा राहिला असेल? संप घडवताना हा प्रश्न मला निराळ्या रूपात पुष्कळदा पडलेला आहे. बदली कामगाराचा संपात काय फायदा? तरी तो येतो.

लेक्झिंग्टनहून कॉन्कर्डपर्यंतचा जुना रस्ता राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला आहे. १९५९ साली ते उद्यान झाले. पाच मैलांची ती वाट पायी चालता येते. शेवटी नदीवर नॉर्थ ब्रिज हा लाकडी पूल लागतो. मूळचा तो नव्हे, पुन्हा बांधलेला. पण जागा तीच. इथे शेतकऱ्यांनी इंग्रजांना मागे हटवले आणि बोस्टनला परतेपर्यंत कुंपणांआडून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. दिवसअखेर इंग्रजांचे ७३ आणि वसाहतवाल्यांचे ४९ लोक मेले होते. वाटेतल्या आर्लिंग्टन गावी जेसन रसेल याच्या घराच्या लाकडात त्या दिवसाची भोके अजून दिसतात. रसेल आणि त्याच्याबरोबरचे अकराजण तिथे पडले.

कॉन्कर्डपासून जवळच वॉल्डनचे तळे आहे. तिथे थोरो १८४५ च्या जुलैपासून दोन वर्षे झोपडी बांधून राहिला. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून तो एक रात्र तुरुंगात राहिला आणि त्यावरचा त्याचा निबंध गांधीजींनी वाचला, हे आपण सर्व जाणता. ते मी पुन्हा सांगत नाही. मला गंमत वाटली ती त्याच्या जमाखर्चाची. झोपडीला साडेअठ्ठावीस डॉलरही लागले नाहीत, याचा हिशेब त्याने अर्ध्या सेंटपर्यंत दिला आहे. त्यातल्या फळ्या त्याने सव्वाचार डॉलरला विकत घेतल्या. कोणाकडून? जेम्स कॉलिन्स या आयरिश मजुराकडून. तळ्याच्या काठाने त्या सुमारास रेल्वे टाकली गेली आणि तिच्या कामावरच्या मजुरांपैकी हा एक. रूळ पुढे गेले, त्याची खोपटी मोडली आणि त्या फळ्यांतून थोरोची कुटी झाली. साधेपणाने कसे राहावे हे शिकायला जगभरचे लोक त्या कुटीची प्रतिकृती पाहायला येतात. कॉलिन्सची बायकामुले जन्मभर साधेपणानेच राहिली असतील. त्यांच्याकडे कोणी गेले नाही.

ती रेल्वे आजही चालते. बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून निघालेली गाडी वॉल्थमवरून येते आणि तळ्याच्या अगदी कडेने कॉन्कर्डला जाते.

आणखी एक गोष्ट मला तिथे कळली. या परगण्यातल्या तळ्यांचा बर्फ हिवाळ्यात करवतीने कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजांनी आपल्या देशात येत असे! १८३३ साली 'टस्कनी' नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघाले. चार महिन्यांनी पोचले तेव्हा सुमारे शंभर टन शिल्लक होता. पुढे मुंबईतही हा बर्फ उतरू लागला. केंब्रिजचे फ्रेश पाँड हे या धंद्याचे मोठे तळे. आज ते शहराला पिण्याचे पाणी पुरवते आणि त्याच्याभोवती फिरायला सुरेख वाट आहे. वॉल्डनवरही एका हिवाळ्यात शंभर आयरिश मजूर बर्फ कापायला आले होते आणि मुंबईचे लोक आपल्या तळ्याचे पाणी पितात, अशी कल्पना थोरोने लिहून ठेवली. पण त्या ढिगातला बराचसा बर्फ वितळून तळ्यातच परत गेला, हेही त्यानेच लिहिले आहे. एवढ्या थंडीत पाण्यावर उभे राहून करवत ओढणाऱ्यांना काय मजुरी मिळे, हे विचारायची मला सवय आहे. भाची म्हणाली, "मामा, सुट्टीवर आला आहात ना!"

इथवरची सगळी ठिकाणे यादीत वरच्या बाजूला होती. लॉवेल अगदी तळाशी होते आणि पुढे लिहिले होते: 'वेळ उरल्यास'. मित्रहो, मी तीन वेळा लॉवेलला गेलो.

लॉवेलची कथा खरे म्हणजे माझ्या भाचीच्या गावी, वॉल्थमला सुरू होते. फ्रान्सिस कॅबट लॉवेल हा बोस्टनचा व्यापारी इंग्लंडला गेला, तिथल्या कापड गिरण्या त्याने डोळ्यांत साठवल्या आणि परत येऊन आठवणीतून यंत्रमाग घडवून घेतला. वॉल्थमच्या त्या गिरणीत एका बाजूने कापूस जाई आणि दुसऱ्या बाजूने कापड निघे. ती जागा आज यंत्रांचे संग्रहालय आहे. तो १८१७ साली वारला. पुढे त्याच्या भागीदारांनी मेरिमॅक नदीच्या बत्तीस फुटांच्या धबधब्यापाशी कालवे खोदून गिरण्यांचे आखीव शहर वसवले आणि त्याला त्याचे नाव दिले.

या गिरण्यांत प्रथम कामाला आल्या त्या शेतकऱ्यांच्या मुली, पंधरा-सोळा वर्षांपासूनच्या. पहाटे घंटा होई आणि दिवसाला बारा-तेरा तास काम चाले. राहायला कंपनीच्या खानावळी आणि त्या चालवायला बहुधा विधवा बाया. आपल्या गिरणगावात खानावळवाल्या बायांनी पुरुष जगवले. तिथे त्यांनी मुली जगवल्या. १८३४ च्या फेब्रुवारीत मजुरी कापण्याची सूचना लागली आणि सुमारे ८०० मुली काम टाकून रस्त्यावर आल्या. तो संप फसला. १८३६ मध्ये राहण्याखाण्याच्या आकारावरून पुन्हा संप झाला. त्यात हॅरिएट हॅन्सन ही अकरा वर्षांची पोर होती. तिच्या खात्यातल्या मोठ्या मुली जाऊ की नको असे कुजबुजत राहिल्या, तेव्हा ही एकटी बाहेर निघाली आणि मागे वळून पाहते तो सगळे खाते तिच्यामागे! तिची विधवा आई कंपनीची खानावळ चालवीत असे. कंपनीने आईला काढून टाकले. म्हातारपणी, १८९८ साली, हॅरिएटने हे सारे पुस्तकात लिहिले. आईला काढल्याचेही लिहिले. सूड घ्यायचा तो घरावर, ही रीत मला कोणत्याही गावात परकी वाटत नाही.

पुढे सारा बॅग्ली या बाईच्या पुढाकाराने त्यांनी संघटना बांधली आणि दहा तासांच्या दिवसासाठी विधिमंडळाकडे अर्जावर अर्ज धाडले. १८४५ साली समितीपुढे साक्षी झाल्या. समितीने सांगितले, हे आमचे काम नव्हे. बायकांना दहा तासांचा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये १८७४ साली आला. मात्र एक लढाई त्यांनी जिंकली. १८४६ मध्ये एका कंपनीने विणकर मुलींना चौथा माग सांभाळायला आणि वर दर कमी घ्यायला सांगितले. मुलींनी एकमेकींना वचन दिले की चौथा माग कोणी घ्यायचा नाही. कोणी घेतला नाही. आपल्या मुंबईच्या विणकरांनी १९२८ साली जो सहा महिने संप केला त्याच्या मुळाशी हीच वाढीव साच्यांची गोष्ट होती.

आणि कापूस? तो दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला. लॉवेलचे जाडेभरडे कापड परत त्याच गुलामांच्या अंगावर जाई. १८६१ साली यादवी युद्ध पेटले, कापूस अडला, लॉवेलच्या गिरण्या बंद पडल्या, हजारो माणसे घरी बसली. आणि इकडे मुंबईत आपल्या कापसाला सोन्याचा भाव येऊन शेअरबाजार वेडा झाला. १८६५ साली तोही फुगा फुटला.

लॉवेलच्या गिरण्या विसाव्या शतकात एकेक करून बुडाल्या. १९७८ साली सरकारने तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान केले. कालव्यातून नावा फिरतात, पण उन्हाळ्यात. मला मिळाली नाही. खानावळ पाहायला मिळते. बूट मिलचा घंटेचा मनोरा शाबूत आहे आणि त्याच्या टोकावर वारा दाखवायला धोट्याची आकृती बसवली आहे. आत ऐंशीहून अधिक मागांचे विणाईखाते जसेच्या तसे मांडले आहे आणि त्यातले काही माग रोज चालवतात. दारात कानात घालायला बोळे देतात. भाचीने घातले. मी घातले नाहीत.

माझे वडील विणाईखात्यात होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा मी लहान होतो. ती गिरणी पुन्हा धड सुरू झालीच नाही. आज तिच्या जागी उंच इमारत आहे आणि खाली दुकाने. वडील घरात नेहमी मोठ्याने का बोलतात, हे मला बूट मिलच्या त्या खात्यात उभे राहिल्यावर पन्नाशीनंतर उमगले. माग चालवणारा मनुष्य शेजाऱ्याशी ओठांनी आणि हातांनी बोलत होता. तीच खूण, बोट फिरवून धागा तुटल्याची.

त्या मागांवर विणलेले हात पुसायचे पंचे दुकानात विकायला असतात. एक घेतला. घरी आल्यावर वडिलांच्या हाती दिला. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी पंचा अंगठ्याने काठावरून चाचपला, ताणून पाहिला आणि विचारले, "तिकडं एका माणसाकडं साचे किती?"