डांगर, घारगे आणि कुकी

नवरात्र तोंडावर आलंय. सोयाबीनच्या राशी सुरू होतील आणि छपरावरच्या डांगरांचे देठ आता वाळू लागले असतील. आज आम्ही या डांगराचाच इतिहास सांगणार आहोत. कुणी त्याला लाल भोपळा म्हणतं, कुणी काशीफळ, कुणी गंगाफळ. नावं ऐकून वाटावं, हे फळ काशीहून गंगेच्या काठाकाठानं आपल्याकडं आलं. खरं तर ते समुद्रावरून, जहाजातून आलं, आणि मूळचं आहे अमेरिकेचं.

मेक्सिको देशात ओआहाका नावाचा भाग आहे. तिथल्या एका गुहेत भोपळ्याच्या जातीच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. म्हणजे तिथली माणसं तेव्हापासून हा वेल लावत होती. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेला पोचला, १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला. या येण्याजाण्यात मिरची, भुईमूग, मका, बटाटा, टोमॅटो, सीताफळ आणि काजू आपल्याकडं आले, तसंच हे डांगरही. आपण ठेचा-भाकर म्हणजे अस्सल मराठवाडी म्हणतो. त्यातली मिरची आणि शेंगदाणा पोर्तुगिजांच्या वाटेनं आले, आणि ज्वारीसुद्धा हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली. मग बाहेरचं कुणाला म्हणायचं?

भोपळा हा शब्द मात्र आपल्याकडं आधीपासून होता. दुधी होता, वीणेचा तुंबा करायचा तो कडू भोपळा होता, पांढरा कोहळा होता. नवं फळ दिसायला त्यांच्याच कुळातलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव मिळालं. काशी-गंगेचं नाव लागल्यावर तर ते पवित्रच झालं. आज उपवासाला लाल भोपळ्याचं भरीत चालतं, पितरांच्या पानातही त्याची भाजी वाढतात. वांगं इथलंच, तरी चातुर्मासात ते बंद आणि अमेरिकेचं डांगर चालू. आम्हाला याची गंमत वाटते.

आता घारग्यांकडं येऊ. लातूरच्या निलंगा, औराद शहाजानी भागातून सीमा ओलांडली की बसवकल्याण लागतं. तेच जुनं कल्याणी, चालुक्यांची राजधानी. तिथला राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या जेवणातले पदार्थ दिले आहेत आणि उडदाच्या एका तळलेल्या पदार्थाचं नाव आहे ‘घारिका’. आपली घारी आणि घारगा त्याच घरातले असावेत, असं आम्हाला वाटतं. तेव्हा डांगर या देशात यायला साडेतीनशेहून जास्त वर्षं बाकी होती. म्हणजे तळणीचं नाव जुनं आणि त्यातलं डांगर नवं. हे नवं फळ किसून, गुळात शिजवून, कणकेत मळून तळून बघायचं कुणी ठरवलं? कुण्या राजानं तर नाही. ज्या बाईच्या छपरावर वेल होता, तिनंच ते केलं असणार. तिचं नाव कुठल्याही ग्रंथात नाही.

घारगे आपण करतो ते असे: डांगराचा कीस दोन वाट्या, चिरलेला गूळ एक वाटी, दोन्ही मंद आचेवर शिजवायचं. गार झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलदोडा, जायफळ, दोन चमचे कडकडीत मोहन आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट मळायचं. पाण्याचा थेंबही लागत नाही. वरून खसखस लावायची, जाडसर थापायचं, तळायचं. दोन-चार दिवस टिकतात, म्हणून प्रवासाला निघालेल्या लेकीच्या शिदोरीत बांधून देतात.

डांगराचंही तसंच. देठासकट तोडलं आणि कोरड्या जागी ठेवलं, तर ते महिनोन् महिने टिकतं. भाजी महाग झाली, पाहुणा आला, सण आला की एक उतरवायचं. घरातली ही बाईची ठेव. पण सातबाऱ्यावर सोयाबीन चढतं, तूर चढते. बांधावरचा वेल चढत नाही. त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही, आणि त्यातून काय होतं ते पुढं सांगतो.

आता सुरीची गोष्ट. अख्खं डांगर बाईनं चिरायचं नाही, पहिला घाव पुरुषानं घालायचा, हा नेम तुमच्याही घरात असेल. अख्खा कोहळा किंवा भोपळा हा बळीच्या जागी मानलेला आहे. पशूऐवजी कोहळा कापायची रीत अनेक देवींच्या ठाण्यांवर आहे आणि हा नेम त्याच समजुतीतून आलेला दिसतो. घरात पुरुष नसला तर शेजारच्या आठ वर्षांच्या पोराला बोलावतात, त्याचा हात सुरीला लावतात, आणि मग बाई चिरते. वेल लावते बाई, पाणी घालते बाई, रांधते बाई, आणि मान मिळतो त्या पोराला! घरी एखादं डांगर असलं तर हे चालून जातं. आमच्या गटात पहिल्यांदा वीस डांगरं आली, तेव्हा सकाळी नऊला बसलेल्या बाया दहापर्यंत कुणा पुरुषाची वाट बघत होत्या. शेवटी आमच्यातली सगळ्यांत थोरली, नातवंडं-पतवंडं बघितलेली माय उठली. तिनं डांगराला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि विळा घातला. कुणी काही बोललं नाही. दुसरं डांगर तिनं विधवा असलेल्या एका ताईपुढं सरकवलं.

हेच फळ त्याच्या मायदेशी काय झालं, तेही ऐका. अमेरिकेत शरद ऋतूत, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकाच्या सुमाराला, भोपळ्याची सुगी असते. तिथं त्याचा गोड लगदा करून मसाला घालतात. १७९६ मध्ये तिथं अमेलिया सिमन्स नावाच्या बाईनं पाककृतींचं पुस्तक छापलं. अमेरिकेतल्या माणसानं लिहिलेलं हे तिथलं पहिलं पाकपुस्तक मानतात. पुस्तकावर तिनं स्वतःची ओळख ‘अमेरिकेतली एक पोरकी’ अशी दिली आहे. छापण्याजोगं लिहिण्याएवढं शिक्षण आपल्याला नाही, असंही त्यात सांगितलं आहे. या पुस्तकात भोपळ्याचे गोड पदार्थ आहेत, आणि कुकीही आहे. तिच्या नाताळच्या कुकीत चक्क धण्याची पूड पडते! पीठ हलकं व्हावं म्हणून ती राखेतून काढलेला खार घालते. आपण पापडात घालतो त्या खाराचंच हे भावंड.

कुकी हा शब्द तिथं डच लोकांकडून गेला. आपल्याकडची नानकटाईसुद्धा सुरतेच्या डच वखारीजवळच्या भट्टीतून निघाली, असं सांगतात. आणि भोपळ्याच्या कुकीचा जो खास मसाला तिथं विकतात, त्यात काय असतं? दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग. १९३४ मध्ये तिथल्या एका कंपनीनं हा मसाला डब्यात भरून विकायला काढला. आपल्या आजीच्या डब्यात तो आधीच होता, फक्त त्यावर चिठ्ठी नव्हती.

मराठीत छापलेलं जुनं पाकपुस्तक म्हणजे १८७५ चं ‘सूपशास्त्र’, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र’ आलं, १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’. ही पुस्तकं मुंबई-पुण्याकडच्या वाचणाऱ्या बायांची. आपला मुलूख १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाकडं होता, वरच्या वर्गांची भाषा उर्दू होती आणि शाळेत जाणाऱ्या मुली अगदी थोड्या. त्यामुळं नांदेड-लातूरच्या बायांचे घारगे, धपाटे आणि येळवशीची भज्जी तोंडातून तोंडातच राहिली.

मग आपले घारगे तळलेले आणि त्यांची कुकी भाजलेली का? आम्ही यावर बराच विचार केला, उत्तर चुलीत सापडलं. आपल्या चुलीवर तवा बसतो, कढई बसते. चारी बाजूंनी सारखी आच देणारी भट्टी घरात नव्हती. पाव हा शब्द पोर्तुगीज, आणि नांदेडकडं बेकरीची चव हैदराबादेकडून आली. १९०० च्या सुमाराला मनमाड-सिकंदराबाद रेल्वे नांदेडवरून सुरू झाली, १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. उस्मानिया बिस्किटाचं शहर असं जवळ आलं. पण भट्टी राहिली बेकरीत आणि पुरुषाच्या हातात. आपल्यातल्या कितीजणींनी दिवाळीआधी मैदा, साखर आणि डालडा डब्यात भरून बेकरीवर नेला आहे! पत्र्यांची रांग लागायची, भाजणावळ किलोवर द्यायची, आणि आपलीच बिस्किटं आहेत ना हे बघायला तिथंच बसून राहायचं.

बायांच्या हाती भट्टी आली ती गटांमुळं. महिला आर्थिक विकास महामंडळ, आपलं माविम, १९७५ मधलं. १९९२ मध्ये नाबार्डनं गट बँकेला जोडायला सुरुवात केली, २०११ पासून उमेद आलं. कर्ज मिळालं, त्यातून कुठं शेवयांचं यंत्र आलं, कुठं ओव्हन आला.

आमच्या गटात त्या ओव्हनमध्ये घारग्याचंच साहित्य कुकीच्या रीतीनं केलं. डांगर वाफवून, चाळणीत निथळून, कढईत आटवायचं. गोळा चमच्याला धरून राहिला पाहिजे, कारण डांगरात नव्वद टक्के पाणीच असतं. असा एक वाटी गर, एक वाटी गूळ, अर्धी वाटी तूप, एक चमचा दही, अडीच वाट्या कणीक, पाऊण चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, आणि जायफळ, सुंठ, दालचिनी, वेलदोडा. चमच्यानं पत्र्यावर गोळे सोडायचे, १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं. कुरकुरीत होत नाहीत, मऊच राहतात, तशाच हव्यात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मीठ तापवून त्यावर ताटली ठेवून होतात, फक्त वेळ जास्त लागतो.

अमेरिकेत वरून लोणी नाहीतर मऊ चीज आणि साखरेचा थर देतात. आम्ही कुंथलगिरीचा खवा पिठीसाखरेत फेटून लावला, एकदा चक्काही लावला. चव चक्क्याची सरस. पण कुठलाही थर लावला की माल त्याच दिवशी खपायला हवा, म्हणून तो गिऱ्हाइकासमोरच लावायचा. बिनथराची कुकीसुद्धा ओलसर असते, बंद डब्यात दोन दिवसांच्या पुढं ठेवू नका.

हिशेबाला बसलो तेव्हा तूप, गूळ, वीज, मजुरी सगळं मांडलं. डांगराच्या रकान्यात एका ताईनं शून्य लिहिलं. ‘ते तर घरचंच आहे,’ म्हणाली. बाजारात त्या दिवशी जो भाव होता, तो आम्ही त्या रकान्यात लिहायला लावला. पाकिटाची किंमत वाढली. डांगर आणणाऱ्या प्रत्येकीच्या नावावर पैसे पडले. त्यातल्या दोघींना त्या वेलाचे पैसे आयुष्यात पहिल्यांदा मिळाले.

आता पाकिटावर नाव काय घालायचं यावर वाद चालू आहे. तरण्या पोरी म्हणतात ‘पम्पकिन कुकी’ लिहा, शहरात लवकर खपेल. विळा घालणारी माय म्हणते, तळले तरी घारगे आणि भाजले तरी घारगेच. नवरात्राच्या विक्रीला दोन्ही नावांची पाकिटं सारख्या संख्येनं ठेवायची, असं बैठकीत ठरलंय. आत माल एकच असेल आणि भावही एकच.