तुपाचा घडा

तंजावरहून मद्रासला आलेल्या आमच्या मराठी घरात आजीच्या गोष्टी दुपारच्या असायच्या, डांगर पच्चडीसाठी उडीद भाजताना. खमंग वास सुटला की गांधारी हटकून यायची. दोन वर्षं पोट वागवून हाती आला मांसाचा गोळा. व्यासांनी त्याचे एकशेएक भाग करून तुपाच्या घड्यांत ठेवले.

पण आजीचा खरा जीव तिरुकरुकावूरच्या गर्भरक्षांबिकेवर. ऋषिपत्नी वेदिकेचा गर्भ शापानं गळाला, तो देवीनं घड्यात ठेवून वाढवला. अजूनही मूल हवं असलेली जोडपी देवीच्या पायाशी ठेवलेलं तूप 48 दिवस खातात. बाळंतीण सुखरूप सुटावी म्हणून तिथून एरंडेलही आणतात.

माझ्या थोरल्या काकूनं ते तूप खाल्लं. 48 दिवस पुरे झाले की मधेच संपलं, यावर घरात अजून दोन मतं आहेत. त्याच सुमारास डॉक्टरीणबाईंनी थायरॉइडचं दुखणं शोधलं आणि गोळ्या सुरू केल्या. आजीनं तुपाची बाटली न् औषधाची चिठ्ठी फडताळात शेजारी-शेजारी ठेवली. पुढे एग्मोरच्या सरकारी इस्पितळात मुलगा झाला. "तुपानं की गोळीनं?" असं आम्ही विचारलं, तर आजी म्हणाली, "देवीनंच धाडलं असेल तिला त्या बाईंकडे."

म्हणून 2019 साली जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी कौरवांना टेस्टट्यूब बेबी ठरवलं, तेव्हा मला वाईट वाटलं. आजीला असला पुरावा कधी लागला नाही. आणि ज्यांनी खरोखर ते करून दाखवलं, त्यांचं काय? सुभाष मुखोपाध्यायांच्या प्रयत्नानं 1978च्या ऑक्टोबरात कलकत्त्यात टेस्टट्यूब बेबी दुर्गा जन्मली, जगातल्या पहिल्या टेस्टट्यूब बेबी लुईस ब्राउननंतर सत्तरेक दिवसांत. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. 1981 साली त्यांनी जीव दिला. 1986 साली मुंबईत इंदिरा हिंदुजा आणि आनंद कुमार यांच्या हातून हर्षा आली. पुढे त्याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांची टिपणं वाचली आणि भारतातल्या पहिलेपणाचा मान जाहीरपणे त्यांना दिला. केवढं मोठं मन! आमच्या मद्रासेत 1990 साली कमला सेल्वराजांनी ते साधलं.

त्या उपचारातही गर्भ बशीत राहतो तो जेमतेम काही दिवस. मग त्याला आईच्या पोटातच जावं लागतं. नऊ महिने घड्यात कुणीच वाढवलेलं नाही. ते देवीचं काम, आणि ते गोष्टीतच शोभतं.

गेल्या वर्षी भाचीचे उपचार सुरू झाले, तेव्हा काकूनं तिला तूप आणून दिलं. सोबत बजावलं, "आधी डॉक्टरांना विचार, मग खा."