लूसीबाईंनी पाहिलेली धूळ

आपल्यापैकी पुष्कळजणींच्या गोठ्यावर, पडवीवर सिमेंटचे करडे पत्रे असतील. जुन्या पत्र्यांत सिमेंटबरोबर बहुधा ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे बारीक धागे असतात. या धाग्यांची धूळ वाईट, हे सरकारी कागदावर पहिल्यांदा लिहिणाऱ्यांत एक बाई होती. तिचीच आज गोष्ट.

इंग्लंडमध्ये कारखाने तपासायला सरकारी इन्स्पेक्टर १८३३ पासून होते. सगळे पुरुष. गिरण्यांत बाया हजारोंनी राबत, पण संडासाची सोय नाही, अंगावरून जातं तरी उभंच राहावं लागतं, हे साहेबापुढे कोण बोलणार? अखेर १८९३ साली मे अब्राहम आणि मेरी पॅटरसन या दोघींची नेमणूक झाली. पुढच्या वर्षी लूसी डीन आल्या. त्यांचा जन्म १८६५ चा, आपल्याकडच्या मद्रासचा. वडील फौजेत होते. आरोग्य आणि स्वच्छतेचं शिक्षण घेऊन त्यांनी आधी लंडनच्या केन्सिंग्टन भागात स्वच्छता निरीक्षक म्हणून काम केलं होतं.

काम काय? कारखान्यात जायचं. फिरत्या पट्ट्याला जाळी आहे का, हवा खेळते का, बायांना किती तास राबवतात, मजुरीतून दंड किती कापतात, हे बघायचं, विचारायचं, लिहून काढायचं. मालकावर खटला भरायची वेळ आली तर या बायका कोर्टात स्वतः उभ्या राहत. त्या काळात, विचार करा!

१८९८ च्या अहवालात लूसीबाईंनी ॲस्बेस्टॉसच्या कामाबद्दल लिहिलं. बाया धुळीत काम करत होत्या, आणि धूळ काय, सगळ्याच गिरण्यांत असते. पण ही धूळ वैद्यकीय इन्स्पेक्टरने सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा कण दिसले काचेसारखे, टोकदार, दातेरी. खोलीतल्या हवेत ते तरंगत राहिले तर अपाय होतो, असं बाईंनी स्पष्ट नोंदवलं.

अहवाल छापला गेला, आणि कपाटात गेला.

१९२४ साली रॉचडेल गावात नेली केरशॉ ही कामगार बाई वारली. वय ३३. लहानपणापासून ती याच धाग्यांचं सूत कातत होती. धुळीमुळे फुप्फुसं घट्ट झाली होती. कंपनीने जबाबदारी झटकली. मग कुठे डॉक्टरांनी कामगारांची रीतसर तपासणी केली आणि १९३१ साली धुळीचे नियम आले. लूसीबाईंच्या नोंदीला तोवर ३३ वर्षं झाली होती. ब्रिटनमध्ये पुरती बंदी आली ती थेट १९९९ साली. मला विचाराल तर दोष नजरेचा नव्हता, ऐकणाऱ्यांचा होता.

आपल्या राज्यात हे तपासणीचं काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करतं. गटातल्या कुणाची लेक इंजिनिअरिंगला असेल, बारकाईने बघणारी असेल, तर तिच्या कानावर हे नाव घाला.

आणि पत्र्याचं. धड पत्रा छपरावर असला तर घाबरू नका. कापताना, भोक पाडताना, फोडताना धागे सुटतात, म्हणून त्याला करवत किंवा ड्रिल लावू देऊ नका. तुटलाच, तर पोरांना लांब ठेवा, तुकड्यांवर पाणी मारून मगच उचला, आणि ती जागा कोरड्या केरसुणीने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.