ट्रामच्या जुन्या छायाचित्रांतील ठिकाण

शहापूर-मुरबाडाकडील ज्या घरीं मुंबईच्या ट्रामचें जुनें छायाचित्र असेल, त्यांनीं पाठीमागील टिपणावर सर्वस्वीं विसंबूं नये. चित्रासच साक्षीस बोलवावें. ट्रामला घोडे जुंपलेले असल्यास काळ १८७४ ते १९०५ चा, माथ्यावर विजेची तार असल्यास १९०७ नंतरचा आणि गाडी दुमजली असल्यास १९२० नंतरचा होय. मग ठिकाण पाहावें. बोरीबंदरासमोर महानगरपालिकेचा घुमट पूर्ण दिसल्यास चित्र १८९३ पूर्वीचें नव्हे. भायखळ्याचें ग्लोरिया ख्रिस्तमंदिर उंच मनोऱ्यानें ओळखूं येतें. तें १९१३ मध्यें पूर्ण झालें. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं धावली; परंतु घुमट व मनोरा अद्याप उभे आहेत. तेथें उभें राहून चित्र ताडावें आणि खात्री पटल्यावर स्थळ व साल मागें लिहून ठेवावें. एकदां चुकीचें लिहिलेलें स्थळ नातवंडांस खरेंच वाटत राहतें.