काडी, खत आणि घडा : नातं तोडण्याचे तीन शब्द

शेणव्याजवळच्या एका वाडीत मुलाखती घेत होते. शहापूर-मुरबाड पट्ट्यात लग्न, पाट आणि सोडचिठ्ठीचे जुने रिवाज कसे बदलत गेले, हा माझ्या पीएचडीचा एक भाग. समोर साठीच्या पुढची आजी बसली होती. मी वहीतला प्रश्न वाचला, "आजी, तुमचा पहिल्या नवऱ्याशी घटस्फोट कधी झाला?"

आजी हसली. "घटस्फोट नाय गं पोरी. काडी मोडली."

मी वहीत 'घटस्फोट' लिहून कंसात 'काडीमोड' लिहिलं. म्हटलं, एकच तर गोष्ट. पण ती एक नाही, हे कळायला मला बरेच महिने लागले. आज तेवढंच सांगते.

काडी

काडीमोड म्हणजे अक्षरशः काडी मोडणं. पंचांसमोर, दोन्हीकडच्या माणसांसमोर एक वाळकी काडी घ्यायची आणि मोडून टाकायची. मोडलेली काडी पुन्हा जुळत नाही, ही त्यातली साधी समजूत. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जातीजमातींत हा रिवाज होता. जिथे देज देण्याची पद्धत, तिथे बाईनेच सोडायचं ठरवलं तर देज परत करण्याची बोलणी व्हायची. मग ती पाट लावायला मोकळी. हे सगळं चोरून चालत नव्हतं. मराठेशाहीत पाटावर 'पाटदाम' नावाची पट्टीच होती. ज्याच्यावर सरकार कर घेतं, ते सरकारला ठाऊक असतंच.

म्हणजे काडीमोडीला साक्ष माणसांची. कागद नाही.

खत

कागद आला तो 'फारकत' या शब्दातून. अरबी 'फारिग' म्हणजे मोकळा, आणि 'खत' म्हणजे पत्र. फारिगखत, फारखत, फारकत. जुन्या व्यवहारात कर्ज फिटलं की सावकार ऋणकोला फारखत लिहून द्यायचा : आता तुझ्याकडे माझं काही येणं नाही. हाच हिशेबाचा शब्द लग्नालाही लागला. 'माझा हिच्यावर हक्क उरला नाही' असं नवऱ्याने लिहून दिलं की बाई मोकळी. सोडचिठ्ठीही त्याच जातीची.

यात एक मेख आहे. खत लिहून देतो तो हक्काचा मालक. सावकार मोकळं करतो, ऋणको मोकळा होतो. लग्नात सावकाराच्या जागी कोण बसलं, हे वेगळं सांगायला नको.

घडा

आता 'घटस्फोट'. संस्कृत असल्यामुळे हा शब्द भारदस्त वाटतो, पण त्याचा जुना अर्थ नवरा-बायकोशी जोडलेला नव्हता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पतिताला कुळातून बाहेर काढण्याचा विधी आहे. नातेवाइकांनी गावाबाहेर जमायचं, दासीने पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडायचा आणि त्या जिवंत माणसाचं सुतक पाळायचं. त्यापुढे त्याच्याशी बोलणं बंद, बसणं बंद, वारसा बंद. पुढे या विधीला घटस्फोट म्हणू लागले. म्हणजे थेट वाळीत टाकणं. गंमत अशी की प्रायश्चित्त घेतलं तर परतीची वाट होती. त्यासाठीही नवा घडा लागे.

विसाव्या शतकात इंग्रजी 'डिव्होर्स'ला मराठी प्रतिशब्द म्हणून हाच शब्द रूढ झाला. काडीमोड आणि फारकत हे गावात रोज चालणारे शब्द हाताशी होते. तरी रुळला तो बहिष्काराचा शब्द. मला वाटतं, ज्या समाजांत काडीमोड नव्हतीच, त्यांना लग्न मोडणं हे कुळातून बाहेर फेकल्यासारखंच वाटलं असणार.

मग कोर्ट आलं

शब्द बदलण्याआधी सत्ता बदलली होती. 1876 मध्ये 'रेग विरुद्ध संभू रघू' या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की, लग्न रद्द करण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. पंचांसमोर मोडलेली काडी कोर्टात मोडलेली ठरेलच, याची खात्री गेली. नंतर 1947 मध्ये मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला आणि 1955 मध्ये देशभरासाठी हिंदू विवाह कायदा आला.

या 1955 च्या कायद्यात दोन गोष्टी आहेत, ज्या शहापूर-मुरबाडला थेट लागू पडतात. एक, कलम 29(2) : रिवाजाने मिळणारा घटस्फोट कायद्याने वाचवून ठेवला आहे. दोन, कलम 2(2) : केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. म्हणजे ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्यात रिवाज हाच कायदा. पण तो रिवाज सिद्ध करावा लागतो, आणि काडीला पावती नसते.

भर म्हणून आणखी एक गोंधळ. कायद्याच्या मराठीत 'न्यायिक फारकत' म्हणजे नवरा-बायकोने वेगळं राहायचं, पण लग्न कायम. गावात 'फारकत झाली' म्हणजे लग्न संपलं, पाट लावा. तोच शब्द, पण एकीकडे दुसरं लग्न चालतं आणि दुसरीकडे तो गुन्हा ठरतो. हिंदू विवाह कायद्याखाली येणाऱ्या घरांत स्टँपपेपरवर फारकत लिहून, नोटरीचा शिक्का मारून लोक निश्चिंत होतात. तसा रिवाज सिद्ध झाला नाही, तर तो कागद लग्न मोडत नाही.

फॉर्मवरचा रकाना

पुन्हा आजीकडे येते. 2024 मध्ये 'लाडकी बहीण' योजना आली तेव्हा तिच्या यादीत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार असे शब्द होते. आजीच्या लेकीनेही काडी मोडलेली, वीटभट्टीवरून परत आलेली. फॉर्म भरणाऱ्या पोराने विचारलं, कोर्टाचा कागद आहे का? नाही. मग त्याने 'परित्यक्ता' लिहिलं.

परित्यक्ता म्हणजे टाकलेली. 1988 मध्ये संगमनेरला परित्यक्ता परिषद भरली, त्यानंतर या बायकांचा प्रश्न चव्हाट्यावर आला आणि या शब्दाला हक्काची धार आली. त्याचं मोल मोठं आहे. पण आजीची लेक टाकलेली नव्हती. नवरा मारायचा म्हणून तिने पंच बोलावले आणि सगळ्यांसमोर स्वतः काडी मोडली. तिच्या बोलीत त्यासाठी शब्द होता. फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

वाडीतून निघताना मी दोघींना एवढंच सांगितलं : काडी मोडली तो दिवस, हजर असलेल्या पंचांची नावं आणि दोन्हीकडच्या साक्षीदारांच्या सह्या कागदावर घेऊन ठेवा. कधी गरज पडलीच तर न्यायालयाकडून तसं जाहीर करून घेताना हा कागद पुरावा म्हणून कामी येईल. आजी म्हणाली, "पंचातले दोघं तर मेले."

उरलेल्या तिघांची नावं तिने सांगितली आणि मी ती लिहून दिली. माझ्या वहीतल्या तक्त्यात आता 'काडीमोड' कंसात नाही. तिचा रकाना वेगळा केला आहे.