कुंडीतली भाजी का मरते? घरच्या बागेसाठी काही सोप्या गोष्टी

हौसेने कुंडीत भाजी लावली, रोज पाणी घातलं, तरी महिन्याभरात रोपाने मान टाकली. असं झालं की 'आपल्या हाताला गुण नाही' म्हणून कुंडी कोपऱ्यात जाते. बऱ्याचदा दोष हाताचा नसतो, जास्त पाण्याचा असतो.

पाणी किती घालायचं?
मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत ओली राहिली तर मुळं कुजतात आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून भरपूर पाणी असूनही रोप सुकलेलं दिसतं. आपण ते पाहून आणखी पाणी घालतो! त्यापेक्षा बोटाची दोन पेरं मातीत घालून पाहा. आत ओल असेल तर पाणी नको. कुंडीच्या तळाला भोकं हवीतच.

माती कशी असावी?
साधारण दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट घ्या. माती भुसभुशीत राहते, जास्तीचं पाणी निघून जातं. ताजं शेण घालू नका, त्याने मुळं जळतात.

जागा पाहून भाजी निवडा
बाल्कनीत 3-4 तासच ऊन येत असेल तर मेथी, पालक, कोथिंबीर लावा. त्यांना 6 ते 8 इंच खोल कुंडी पुरते. टोमॅटो, वांगी, मिरचीला किमान 6 तास ऊन आणि 12 इंच खोल कुंडी लागते.

सुरुवात कशाने करावी?
मेथीने. स्वयंपाकघरातले दाणे रात्रभर भिजवून पेरा, साधारण महिन्याभरात भाजी मिळते. धणे मात्र हलके रगडून दोन फोडी करून पेरा. ही दोन्ही थंडीत चांगली येतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात भेंडी, गवार लावा.

कीड पडली तर?
पांढरा पिठ्या ढेकूण किंवा मावा दिसला तर आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. तरी राहिला तर 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारल्यास पानं करपतात.

पहिल्या वर्षी दोन-तीनच कुंड्या ठेवा. त्या जगल्या की पुढच्या आपोआप वाढतील.