उमरी : खुशालीचे पत्र

युद्ध संपले की सैनिक घरी खुशाली कळवतो. हैदराबाद मुक्तिलढ्यातल्या सशस्त्र कार्यकर्त्यांना लढा चालू असताना तीही सोय नव्हती. 30 जानेवारी 1948 रोजी उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभारणाऱ्यांनी निजामी टपालाने घरी लिहिणे म्हणजे रझाकारांना घराचा पत्ता देणेच. 17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला आणि लेखणी मोकळी झाली.

पण शरणागतीनंतर मराठवाड्यात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पं. सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत नांदेडची नोंद केली. अहवाल मात्र कित्येक दशके सरकारी दप्तरातच राहिला. उमरीच्या लुटीचा अभिमान आम्ही सांगतो, आणि तो रास्तच आहे. मात्र ‘तिकडील खुशाली कळवावी’ असे लिहिल्याशिवाय आमच्याकडे पत्र पुरे होत नाही. आमचा इतिहास ती ओळ गाळतो.